बोराटे सरांची शेवंताबाई

बोराटे सरांच्या हातून चहा घ्यायचा तर आधी तुमची संमती घेतली जाते. चेष्टा नाही. सर कप हातात धरून समोर उभे राहतात आणि सांगतात, "हा चहा आहे. यात साखर आहे, आलं आहे. काहींना पित्त होतं, काहींची झोप उडते. चहाऐवजी पाणी घेता येईल, काहीच न घेता नुसतं बसताही येईल. नाही म्हणालात तर आपल्या संबंधांत फरक पडणार नाही. अर्धा पिऊन ठेवून दिलात तरी चालेल, आणि का ठेवलात हे मी विचारणार नाही." एवढं झाल्यावर आपल्याला वाटतं सुटलो. आपण हात पुढे करतो, तर कप मागे जातो. "आता तुम्ही मला सांगा. मी काय सांगितलं?"

तोवर चहा निवलेला असतो. सरांच्या हातून कधी गरम चहा प्यायल्याचं मला आठवत नाही.

मी कुंदा. विश्रांतवाडीला राहते आणि बस बदलत बदलत हडपसरला एका हॉस्पिटलात नोकरीला जाते. अनेक वर्षं वॉर्डात नर्स होते, मग मला उचलून औषधांच्या चाचण्यांच्या कामावर बसवलं. म्हणजे पेशंटला समजावून सांगणं, तपासण्यांच्या तारखा सांभाळणं आणि औषध कंपनीच्या माणसांची तोंडं बघणं. नवं औषध दुकानात यायच्या आधी ते माणसांना देऊन बघावं लागतं. ते कुणाला द्यायचं, कसं द्यायचं, त्याआधी काय सांगायचं, हे डॉक्टरांना आणि नर्सना शिकावं लागतं. डॉक्टर झालेल्या माणसाला हे सगळं येतच असेल असं लोकांना वाटतं. डॉक्टरांनाही तसंच वाटतं. तेवढ्यासाठी बोराटे सर होते.

सर मूळचे हडपसर गावठाणातले. घरची शेती, पण हे शिकले, वाघोलीकडच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मग आमच्याकडे कँटीनच्या वरच्या खोलीत वर्ग घ्यायला लागले. बोलणं एकदम पुस्तकातलं, शुद्ध. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, आणि पिशवीत एक जुना पंचा. या पंच्याची नव्या डॉक्टरांमध्ये फार दहशत होती.

कारण तो पंचा डोक्यावरून घेतला की सरांची शेवंताबाई व्हायची.

शेवंताबाई ही पेशंट. तिला नव्या औषधाची चाचणी समजावून सांगायची आणि तिची संमती घ्यायची, ही परीक्षा. ऐकायला सोपी वाटते. डॉक्टर निनाद नावाचा एक मुलगा आमच्याकडे आला होता, हुशार, आणि दोष एवढाच की त्याला ते माहीत होतं. तो खुर्ची ओढून ऐटीत बसला.

"आजी, बेसिकली यात दोन ग्रुप असतात. एका ग्रुपला नवीन औषध, दुसऱ्याला नेहमीचं. तुम्ही कुठल्या ग्रुपमध्ये जाणार ते कॉम्प्युटर ठरवतो."

"डाक्टर न्हाई ठरवत?"

"नाही. कुणीच नाही ठरवत."

"मंग तुमी कशापायी एवढं शिकला, बाबा?"

वर्ग हसला. निनाद लाल झाला, पण त्यानं नेटानं सगळं सांगितलं. फायदे, तोटे, रक्त किती वेळा काढणार, सगळं. शेवटी म्हणाला, "समजलं ना आजी? मग तयार आहात ना?"

शेवंताबाईनं खाली बघितलं. पंच्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग हळूच म्हणाली, "तुमी म्हनाल तसं."

निनादनं सुटकेचा श्वास सोडून पेन पुढे केलं. सरांनी पंचा खाली घेतला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "नापास."

"पण सर, ती तयार झाली की."

"ती तुम्हाला घाबरून तयार झाली. औषधाबद्दल ती अजून काहीच बोललेली नाही. जिला नाही म्हणताच येत नाही, तिच्या होकाराचं काय लोणचं घालायचंय?"

अशी ती शेवंताबाई. भल्याभल्यांना तिनं नापास केलं. एका मोठ्या सर्जननी तर तिला "अहो बाई, तुमच्या भल्याचंच सांगतोय" असं दरडावलं, तेव्हा शेवंताबाई इतकं दीनवाणं "व्हय जी" म्हणाली, की ते स्वतःच ओशाळून वर्गातून उठून गेले.

सरांचं पालुपद एकच. "नाही म्हणता येतं, बरं का." हे ते पेशंटना सांगत, शिपायांना सांगत, भाजीवाल्याकडे मेथीची जुडी हातात घेऊन विचार करत उभ्या असलेल्या अनोळखी बाईलाही सांगत. आमच्या एका नर्सच्या साखरपुड्याला सर आले होते. सगळे पेढे खात होते, तेवढ्यात यांनी मुलीला जरा बाजूला घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "नाही म्हणता येतं, बरं का. अजूनही." मुलगी हसली. तिच्या आईनं पुढे सरांशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

दुसरं वेड नातेवाइकांचं. पेशंटला विचारलं की उत्तर नवरा देतो, मुलगा देतो, दीर देतो. "नातेवाइकाचं तोंड पेशंटच्या आधी उघडलं की ती संमती बाद," असं सर म्हणत. त्यासाठी आमच्या समुपदेशनाच्या खोलीबाहेर त्यांनी एक खुर्ची ठेवून घेतली होती. एक पाय आखूड असलेली, डुगडुगणारी. मी दुरुस्त करायला द्यायला निघाले तर म्हणाले, "राहू द्या, कुंदाताई. माणूस तोल सांभाळण्यात गुंतला की आत कान लावत नाही."

ही शेवंताबाई कोण, असं आम्ही सरांना विचारायचो. "आहे एक," एवढंच म्हणायचे. आईची नक्कल असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा सर तापानं आजारी पडले आणि वर्गाचे काही कागद त्यांच्या सहीला घेऊन मी घरी गेले. गावठाणातली ती वाट आता सगळी बिल्डिंगांनी भरलेली. भावाभावांत वाटण्या होऊन जमीन गेली, सरांच्या वाट्याला तळमजल्याचा फ्लॅट आला आणि त्यापुढे मातीचा एक पट्टा. त्या पट्ट्यात सरांच्या बायकोनं, विमलवहिनींनी, वांगी आणि कढीपत्ता लावला होता. त्या दारातच भेटल्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर. "या की, बसा. च्या टाकते."

मी म्हटलं, "नको वहिनी, मला बस गाठायचीय. सरांची सही घेते आणि निघते."

वहिनींनी खाली बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुमी म्हनाल तसं," त्या म्हणाल्या.

मी चपला काढून आत जाऊन बसले. म्हटलं, टाका चहा.

निघताना सर अंगावर शाल घेऊन फाटकापर्यंत आले. त्यांच्या लक्षात आलं होतं. "ओळखलंत ना?" म्हणाले.

"हो, सर."

"तिनं मला आजवर कधी नाही म्हटलेलं नाही, कुंदाताई. मूल होत नव्हतं, मी म्हटलं राहू दे, डॉक्टर नकोत. हो म्हणाली. जमिनीच्या कागदावर अंगठा कर म्हटलं, केला. वर्षानुवर्षं मी वाघोलीला पहाटे जाऊन दिवेलागणीला परत येत होतो. एकटी घरात. चालेल ना, असं विचारलं तर म्हणायची, तुमी म्हनाल तसं." सरांनी फाटकाची कडी उघडली. "लग्नाला तरी तिची तयारी होती की नाही, देव जाणे. आमच्यात मुलीला विचारायची पद्धत नव्हती."

बसस्टॉपवर उभी राहून माझ्या मनात एवढंच येत होतं की वर्गात आम्ही ज्याला हसत होतो ते सगळं हे होतं.

पुढे वहिनींचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून अंगावर काढलं, मग तपासण्या झाल्या, आणि कळलं तेव्हा कॅन्सर यकृतात पसरलेला होता. नेमक्या त्याच आजारावरच्या एका नव्या औषधाची चाचणी आमच्याकडे सुरू होती. नेहमीच्या औषधानं फार दिवस हाती नव्हते. नव्यानं थोडे जास्त मिळतील की काय, तेच तर शोधायचं होतं.

सर मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "कुंदाताई, विमलला ते औषध मिळालं पाहिजे."

ज्यानं आमच्याकडून घोकून घेतलं की पेशंटला कधी 'औषध मिळेल' असं सांगायचं नाही, हा अभ्यास आहे असं सांगायचं, तो हा माणूस. मी म्हटलं, "सर, भाग घेतला तरी मिळेलच असं नाही. कॉम्प्युटर ठरवतो."

"मलाच शिकवताय?" म्हणाले. मग आवाज खाली आला. "मला माहीत आहे हो. सगळं माहीत आहे. तरीपण मिळालं पाहिजे."

सरांचं म्हणणं काहीही असलं तरी विचारायचं वहिनींना होतं. समजावून सांगायला निनाद होता, आता चांगला तयार झालेला, 'बेसिकली' सुटलेला. तो वहिनींच्या शेजारी बसला, समोर नाही. औषध काय आहे, दर आठवड्याला यावं लागेल, अधूनमधून राहावं लागेल, रक्त किती वेळा काढणार, उलट्या होतील, उपयोग होईल की नाही हे आम्हालाही ठाऊक नाही, सगळं सावकाश सांगितलं. प्रत्येक गोष्ट वहिनींकडून परत वदवून घेतली. मग म्हणाला, "काकू, तुम्हाला काही विचारायचंय?"

"नाही, नाही," सर म्हणाले. "तिला मान्य आहे. घ्या अंगठा."

निनादनं माझ्याकडे बघितलं. ज्या गुरूनं शिकवलं त्यालाच हा नियम कसा सांगायचा, हे त्या पोराच्या तोंडावर लिहिलेलं होतं. शेवटी मीच म्हटलं, "सर, तुम्ही बाहेर बसा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं आपण काय केलं ते. उठले, बाहेर गेले आणि त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसले. मी दार लावून घेतलं. बाहेरून खुर्चीच्या पायाचा खट, खट असा आवाज येत होता. त्यांना ती सांभाळता येत नव्हती.

मी वहिनींचा हात धरला. "वहिनी, नाही म्हणता येतं, बरं का."

"ठावं हाय," वहिनी हसल्या. "रोज आयकते घरात."

"मग काय ठरवताय, काकू?" निनादनं विचारलं.

वहिनींनी खाली बघितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. म्हटलं, आता म्हणणार. तुमी म्हनाल तसं म्हणणार, आणि आम्हाला परत पहिल्यापासून सुरू करावं लागणार. पण वहिनींनी पदर सोडला तो पुन्हा गुंडाळला नाही. मान वर केली.

"न्हाई," म्हणाल्या. "मला ह्यात न्हाई यायचं."

निनाद शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "बरं काकू. कारण सांगायची गरज नाही. तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील." आणि तो उठून गेला. मीही उठले, तर वहिनींनी माझा हात सोडला नाही.

"कारन हाय," म्हणाल्या. "तुमाला सांगून ठिवते. ह्यांनी इचारलं तर सांगा. न्हाई इचारलं तर राहू द्या."

आणि त्यांनी मला कारण सांगितलं. ते मी इथंच सांगत नाही, कारण सरांना ते फार उशिरा कळलं. त्यांच्याआधी तुम्हाला कळावं हे मला बरं वाटत नाही.

मी बाहेर आले. सर उठून उभे राहिले. "काय म्हणाली?"

"नाही म्हणाल्या."

"ती? स्वतःच्या तोंडानं?"

"हो, सर. मान वर करून म्हणाल्या."

सरांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. खरंच आलं, कौतुकाचं, एखाद्या पोराचा निकाल लागल्यावर यावं तसं. मग ते हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "का पण…" आणि तिथंच थांबले. हातानंच मला अडवलं. "नको. विचारायचं नसतं."

त्यानंतर सरांनी वर्ग बंद केले. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जायची. वहिनींचा पलंग त्या वांग्यांच्या पट्ट्याकडच्या खिडकीशी लावला होता आणि सर शेजारी पाटावर बसलेले असायचे. काही करत नसायचे, नुसते बसलेले. मला बघून तक्रार करायचे. "हिला आता नाहीची चटक लागलीय. सकाळी दूधभात नाही. दुपारी पंखा नाही. काल माझी बहीण भेटायला आली, तिलासुद्धा नाही म्हणाली." वहिनी उशीवरून म्हणायच्या, "तिला तर पयलंच म्हनायला पायजे व्हतं." आणि दोघं हसायचे. मी त्या दोघांना असं हसताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सरांनी कारण मात्र विचारलं नाही. वहिनींनाही नाही, मलाही नाही. जीभ अगदी टोकापर्यंत येते आहे हे मला दिसायचं, आणि ते गिळतात हेही दिसायचं.

वांगी तोडायला आली त्या सुमाराला वहिनी गेल्या. घरीच गेल्या, सर शेजारी असताना.

बऱ्याच दिवसांनी सर परत आले. वाळले होते. पिशवीत पंचा होताच. वर्गात सगळे नवे चेहरे, त्यांना काही ठाऊक नव्हतं. मुग्धा नावाची एक डॉक्टर पुढे येऊन बसली. सरांनी पंचा डोक्यावरून घेतला. मी मागच्या बाकावर होते. मला वाटलं, नको, सर, एवढ्यात नको.

मुग्धा चांगली होती. शांतपणे सांगत होती, थांबत होती, परत विचारत होती. शेवटी म्हणाली, "आजी, तुम्ही नाही म्हणालात तरी माझी काही हरकत नाही. काय वाटतं तुम्हाला?"

शेवंताबाईनं खाली बघितलं. पंच्याचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि सोडलं. "न्हाई," म्हणाली. "मला घरी जायाचंय."

शेवंताबाई आजवर कधी नाही म्हणाली नव्हती. मुग्धाला ते कुठून ठाऊक असणार. तिनं नियमाप्रमाणे फाइल मिटली. "बरं, आजी. कारण सांगायची गरज नाही."

पंचा डोक्यावरून खाली आला नाही. मग शेवंताबाई म्हणाली, "इचार की, बाय. येकदा तरी इचार."

पोरं हसली. त्यांना वाटलं, सरांचा हा नवा सापळा. मुग्धा गोंधळली. "पण सर, विचारायचं नसतं ना?"

सरांनी पंचा काढला. घडी घालायला त्यांना वेळ लागला. "बरोबर," म्हणाले. "नसतं विचारायचं. पास."

पोरं खाली चहाला गेली. आम्ही दोघंच उरलो. मी मागच्या बाकावरून उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. सर पंच्याकडे बघत होते. म्हणाले, "कुंदाताई, मला वाटतं, ती मला कंटाळली होती. जास्त दिवस मिळाले असते तर ते माझ्याबरोबरच काढावे लागले असते ना. म्हणून नाही म्हणाली असेल." मग माझ्याकडे बघितलं. "काही बोलली होती का ती तुमच्यापाशी?"

विचारलं एकदाचं. मला रडूच आलं, आणि मी ते आवरायच्या भानगडीत पडले नाही. तशीच बोलले.

"हो, सर. म्हणाल्या, जल्मभर हे लोकांच्या पोरांपाशी, लोकांच्या पेशंटापाशी बसले. आता ह्यात गेले की परत तेच, माझं रगत मोजायचं, तारखा मोजायच्या, आन मी हितं खाटेवर. मला ह्यांना घरी न्यायचंय. चार दिस का हुईनात, माझ्यापाशी नुसते बसू द्यात."

सरांनी पंच्याची घडी उलगडली.

"आणखी एक म्हणाल्या. म्हणाल्या, लग्नाच्या टायमाला मला कुनी इचारलं न्हाई, हे ह्यांच्या मनाला लागून ऱ्हायलंय. त्यांना म्हनावं, इचारलं असतं तरी मी होच म्हनले असते."

खालून पोरांचं हसणं ऐकू येत होतं. सरांचा चेहरा असा झाला होता की त्यांना नीट ऐकू गेलं की नाही तेच मला कळेना. शेवटी मी त्यांच्याकडूनच शिकलेलं वापरलं. म्हटलं, "सर, आता तुम्ही मला सांगा. मी काय सांगितलं?"

"तिला मी घरी हवा होतो," सर म्हणाले.

"आणि?"

"आणि लग्नाला…" एवढं म्हणाले आणि पुढचं त्यांना बोलता येईना. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग त्यांनी पंच्यात तोंड खुपसलं.

नियमानं नापास. मी तसं म्हटलं नाही. थोड्या वेळानं चहा आणू का विचारलं, तर मान हलवून नको म्हणाले. मी आग्रह केला नाही. कँटीनवाल्यानं शटर ओढेपर्यंत त्यांच्याजवळ तशीच बसून राहिले, नुसती.